काकूंच्या बाळ्याची निळी टिकली

आमच्या आणि काकूंच्या घराच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेइतका. दोन पावसाळ्यांमागे त्याचे दोन दगड निखळले, ते आजतागायत कोणी परत बसवले नाहीत. कशाला बसवायचे? त्याच खिंडीतून चहाचे कप जातात, ताटलीभर सांदणं येतात आणि अख्ख्या वाडीच्या बातम्या ये-जा करतात.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. काकू खळ्यात आंबापोळीची ताटं उन्हाकडे सरकवत होत्या. मी अंगणात दिसताच तिथूनच हाक आली.

"अगो पोष्टीणबाई, ऐकलंस का? वरच्या आळीतल्या सुनेला टिकली लागली!"

बत्तीस वर्षं पोस्टात काढली म्हणून मी पोष्टीणबाई. म्हटलं, "काकू, सवाष्ण बाई ती. टिकली लावायचीच."

"ती नव्हे गो! निळी. मोबाइलमधली. नावापुढे लागते ती. सासू कालपासून घरोघर सांगत फिरतेय. पेढे वाटले म्हणे. तुला आले?"

"नाही बाई."

"मलाही नाही." खरं दुखणं इथे होतं. "आणि त्यात एवढं नाचायला काय झालं? मला व्हॉट्सॲपवर रोज येतात. एक सोडून दोन-दोन. मुंबईच्या नणंदेला सकाळी उठून फुलं पाठवते, दोन्ही टिका निळ्या होतात, पण उत्तर म्हणून द्यायची नाही मेली."

"अहो, ती टिक म्हणजे पोच. रजिस्टरच्या मागे पोचपावती चिकटवायचो ना, समोरच्याला मिळालं म्हणून सही होऊन परत यायची, तसली. ही टिक निराळी. ही लागली म्हणजे हा माणूस खरोखर तोच आहे."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "म्हणजे ती सून खरोखर तीच सून आहे? ते आम्हाला ठाऊक होतं की. लग्नात जेवलोय आम्ही."

पडवीत बाळ्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. बाळ्या म्हणजे काकूंचा धाकटा. थोरला पुण्याला गेला, हा कलमांजवळ राहिला. चार वर्षांपासून आंबे दलालाकडे न पाठवता मोबाइलवरून थेट गिऱ्हाईकाला विकतो. तो तिथूनच म्हणाला, "आई, टिकली नाही. ब्लू टिक म्हणतात. आणि तिचा इतिहास आहे."

"सांग मग. आंबापोळी वाळेपर्यंत मला वेळच आहे."

बाळ्या गडग्यावर येऊन बसला. म्हणाला, अमेरिकेत टोनी ला रुसा नावाचा एक बेसबॉल संघाचा मॅनेजर होता. त्याच्या नावाने कोणीतरी ट्विटरवर खोटं खातं उघडलं आणि नको ते लिहिलं. हा बाबा तडक कोर्टात गेला. ते साल २००९. त्याच वर्षी जूनमध्ये ट्विटरने जाहीर केलं की नामांकित लोकांची खाती आम्ही तपासू आणि खऱ्याला खूण लावू.

"म्हणजे पंचायतीचा दाखलाच की," काकू म्हणाल्या.

मला आमचं पोस्ट आठवलं. मनीऑर्डर आली आणि घेणारी म्हातारी निरक्षर असली की तिचा अंगठा घ्यायचा आणि शेजारी साक्षीदाराची सही. नुसता अंगठा चालायचा नाही. हीच ती बाई असं सांगणारा कोणीतरी ओळखीचा लागायचा. खालच्या वाडीत एक आजी होत्या. मुलगा मुंबईहून दरमहा पैसे पाठवायचा. शाईच्या पॅडवर अंगठा टेकला की त्या तो पदराला न पुसता पोस्टाच्या भिंतीला पुसायच्या. त्या कोपऱ्यात जांभळ्या अंगठ्यांची रांग झाली होती. आणि साक्षीला सही कोणाची? नेहमी काकूंच्या यजमानांची, अण्णांची. एक पैसा न घेता अण्णांनी अर्ध्या गावाची ओळख पटवून दिली असेल.

"पैसे घेतले असते तर माझ्या हातात आज पाटल्या असत्या," काकू म्हणाल्या. आतून अण्णांचा खाकरल्याचा आवाज आला.

"तुझ्या अण्णांची ती सही म्हणजेच तेव्हाची टिक," मी बाळ्याला म्हटलं.

"पण पोष्टीणआत्या, कंपनीची टिक अंगठेवाल्या आजींना मिळायची नाही. नट, पुढारी, क्रिकेटवाले, पेपरवाले यांनाच. त्यामुळे झालं काय, खूण होती ओळखीची आणि लोक तिला समजायला लागले मोठेपणाची. आणि एकदा मोठेपणाची झाली म्हणजे मग ती गेली की अपमान." २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांच्या खासगी खात्याची टिक एका सकाळी गायब झाली. कारण काय, तर त्या खात्यावरून बरेच महिने काही लिहिलं गेलं नव्हतं. देशभर गहजब झाला आणि काही तासांत टिक परत आली.

"दिल्लीत असून ही गत," काकू म्हणाल्या. "बरं, पुढे?"

पुढे म्हणजे इलॉन मस्क. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं आणि आठवड्याभरात सांगितलं की महिन्याला आठ डॉलर टाका आणि टिक घ्या. कोण आहात, कुठले आहात, हे विचारायची भानगड नाही. नोव्हेंबरात विक्री सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी आठ डॉलर भरून इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खातं काढलं, टिक लावली आणि लिहिलं की इन्सुलिन आजपासून फुकट.

"फुकट?" अण्णा आतून बाहेरच आले. बारा वर्षं सुई टोचून घेतायत. "कुठे मिळतंय?"

"अहो, खोटं होतं ते!" काकू ओरडल्या. "टिकली खरी, माणूस खोटा."

अण्णा दारात तसेच उभे राहिले. मला हसू आलं आणि जरा कसंसंही झालं. तिकडे अमेरिकेत इन्सुलिनच्या किमतीने माणसं रडकुंडीला आलेली. त्यातल्या कोणी कोणी असंच वाटून फोन उचलला असेल. खऱ्या कंपनीला स्वतःच्या खात्यावरून माफी मागून सांगावं लागलं की आधीचं ते आम्ही नव्हे. दोन-तीन दिवसांत मस्कने विक्री थांबवली आणि डिसेंबरात नव्याने मांडली. कंपन्यांना सोनेरी, सरकारी खात्यांना करडी आणि बाकी जनतेला निळी.

"रेशनकार्डासारखं. केशरी, पिवळं, पांढरं," काकू म्हणाल्या.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

आपल्याकडे ती २०२३ च्या फेब्रुवारीत आली. संगणकावरून घेतली तर महिन्याला ६५० रुपये, मोबाइलवरून ९००. त्यानंतर एप्रिलच्या वीस तारखेला जुन्या, फुकटातल्या सगळ्या टिका एका झटक्यात पुसल्या. शाहरुखची गेली, विराटची गेली, आपल्या सचिनची गेली. सचिनला कोणीतरी विचारलं, आता टिक नाही तर तू खरा सचिन कशावरून? त्याने हातांनीच टिकेची खूण केली आणि तो फोटो टाकून दिला. अमिताभ तर विनवण्या करत राहिला की हात जोडले, पैसेही भरले, आता ते माझं नीलकमल परत लावा. लावलं एकदाचं. आणि मग दोन दिवसांनी कळलं की ज्यांच्यामागे दहा लाखांच्या वर माणसं आहेत त्यांना फुकट परत मिळतेय.

काकूंना हे फारच आवडलं. "म्हणजे अमिताभचे पैसे पाण्यात! एवढा मोठा माणूस, त्याला घाई नडली. आंबा अजून झाडावर असताना आगाऊ पैसे देणाऱ्याचं असंच होतं."

"२०२५ मध्ये भाव उतरवला त्यांनी," बाळ्या म्हणाला. "जुलैत. संगणकावरून ४२७, मोबाइलवरून ४७०."

"शेवटच्या तोडीच्या आंब्यासारखा." काकूंनी एक आंबापोळी उलटली आणि मग हात तसाच राहिला. "थांब. वरच्या आळीतल्या सुनेची टिकली त्यातलीच का?"

"तिची इन्स्टाग्रामवरची. मेटा व्हेरिफाइड. तीही २०२३ मध्येच आली आपल्याकडे, जूनमध्ये. मोबाइलवरून महिन्याला ६९९ होते तेव्हा. पण तिथे सरकारी ओळखपत्र मागतात. नाव जुळलं पाहिजे, वय अठराच्या वर पाहिजे."

"पण पैसे भरूनच?"

"भरूनच."

काकूंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की खळ्यातलं ऊन फिकं वाटलं. "म्हणजे विकत घेतलीन! आणि सासूने पेढे कसले वाटले? पावतीचे?" हे वाक्य संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला पोचणार, हे मी घड्याळ लावून सांगू शकले असते. पोस्टाला दोन दिवस लागायचे.

"काकू, तिला हसू नका," मी म्हटलं. "तुमच्या बाळ्यानेही घेतलीय की."

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "त्याची गोष्ट वेगळी. त्याला गरज होती."

गरज होती हे खरं. एप्रिलमध्ये एका दुपारी स्टँडवरचा रिक्षावाला एका गृहस्थांना घेऊन आला. डोंबिवलीचे. रात्रभर प्रवास करून आलेले, लालबुंद झालेले. हातात मोबाइल, त्यात साडेसात हजार भरल्याची खूण. पाच-पाच डझनांच्या दोन पेट्या सांगितल्या होत्या. पंधरा दिवस झाले, आंबा नाही आणि फोन बंद. रिक्षावाला त्यांना म्हणाला म्हणे, "बाळ्या फसवणार नाय हो, काहीतरी घोटाळा हाय." तरी ते गडग्यापाशी उभे राहून जे बोलायला लागले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाळ्याने त्यांचा मोबाइल घेतला, आणि त्याचा चेहराच उतरला. पान हुबेहूब त्याचंच. तीच कलमं, तोच झेला, पेटीत पेंढ्यावर मांडलेले तेच आंबे, नावसुद्धा तेच, 'कातळावरचा बाळ्या'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. कोणीतरी त्याचे सगळे व्हिडिओ उचलून दुसरं दुकान थाटलं होतं. फरक एवढाच होता की व्हिडिओतला मूळ आवाज काढून वर सिनेमाचं गाणं घातलेलं.

आता तो आवाज काय होता, ते सांगायला हवं. बाळ्या व्हिडिओ काढायला लागला की काकूंना कंठ फुटतो. "बाळ्याऽऽ, कोवळे उतरवू नको रे! देठ ठेव, देठ! चीक लागला तर कोण घेईल तुझा आंबा?" बाळ्याने हात जोडून सांगून पाहिलं, आई, दोन मिनिटं गप्प बस. काकूंना ते कधी जमलं नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक व्हिडिओत समोर आंबा आणि मागे काकू.

डोंबिवलीच्या गृहस्थांना काकूंनी आधी पाट दिला, मग कोकम सरबत. ते शांत झाल्यावर बाळ्याने १९३० लावून दिला. सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक तो. जितक्या लवकर कळवावं तितके पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात, म्हणून तो आधी. जाताना काकूंनी त्यांच्या पिशवीत दोन डझन आंबे भरले. बाळ्या म्हणाला, आपण कुठे फसवलंय? काकू म्हणाल्या, आपल्या नावाने फसला ना?

त्यानंतर बाळ्याच्या डोक्यात टिकेने घर केलं. आणि गंमत बघा, तो टिकेच्या शोधात आहे हे चोरांना त्याच्या आधी कळलं. तिसऱ्याच दिवशी निरोप आला की आपलं खातं निळ्या बॅजसाठी पात्र ठरलं आहे, चोवीस तासांत खालचा फॉर्म भरा. वर कंपनीचं चिन्ह, खाली लिंक. बाळ्या हर्षभराने गडग्यावर आला. मी चष्मा लावून वाचलं. फॉर्ममध्ये पासवर्ड मागितला होता आणि मोबाइलवर येणारा ओटीपी.

"बाळ्या, रजिस्टर द्यायला आलेला पोस्टमन तुझ्याकडे सही मागायचा. कपाटाची किल्ली मागायचा का?"

त्याने जीभ चावली. वाचला. नाहीतर खऱ्या पानाचीही किल्ली चोराकडे गेली असती.

मग खरा अर्ज. तिथला नियम असा की पानावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. आधारकार्डावर बाळ्या बाळकृष्ण आहे, पुढे अण्णांचं नाव, मग आडनाव. हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं. सत्तावीस वर्षं गडग्यापलीकडे राहणारा मुलगा, त्याचं नाव मी पहिल्यांदा वाचत होते. वर चेहऱ्याचा व्हिडिओ काढायचा. मान डावीकडे, मान उजवीकडे, आता सरळ. काकू मागून विचारत होत्या, "नवस फेडतोयस का रे?"

टिक आली. पण तिच्यासाठी 'कातळावरचा बाळ्या' जाऊन तिथे आधारकार्डावरचं पूर्ण नाव बसलं. आता नाव नाहीतर फोटो बदलायचा म्हटलं तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. हे बाळकृष्ण कोण? आम्हाला बाळ्याकडचे आंबे हवेत. एका बाई तर म्हणाल्या, टिकबिक बघितली हो, पण टिक आता कोणीही पैसे टाकून घेतं.

"बघा," बाळ्या गडग्यावर डोकं टेकून म्हणाला, "बाळ्या खरा म्हणून सिद्ध करायला बाळ्यालाच काढावं लागलं."

त्या बाईंचंही चुकलं नव्हतं. ज्या खुणेचा अर्थ आधी 'तपासलाय' असा होता, ती 'पैसे भरलेत' झाल्यावर माणसाने समजायचं काय? युरोपीय आयोगाने २०२५ च्या डिसेंबरात एक्सला, म्हणजे ट्विटरलाच, जो १२ कोटी युरोंचा दंड केला त्यातही एक मुद्दा हाच होता, की पैसे देऊन मिळणाऱ्या निळ्या टिकेमुळे लोकांची दिशाभूल होते.

"आंब्याचंही तेच ना," अण्णा पडवीतून म्हणाले. अण्णा फारसं बोलत नाहीत, बोलले तर आंब्यावर. "कर्नाटकचा आंबा येतो, पेटीवर रत्नागिरी छापतात. रंग तोच, आकार जवळपास तोच. २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांचा तोच हापूस. पण कागदावरचं जीआय वाशीच्या बाजारात कोण वाचतो? शेवटी देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सोसायटीने २०२५ साली फळाफळाला स्टिकर काढलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, स्टिकरमागचा लपलेला आकडा सांगायचा, मग कळणार खरं की खोटं."

"प्रत्येक आंब्याला टिकली!" काकू म्हणाल्या. "मग तुम्ही कसा ओळखता?"

"नाकाने," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

गप्पा इथवर आल्या आणि बाळ्याचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल, ठाण्याच्या एका आजोबांचा. हंगामातली शेवटची पेटी हवी होती, पण आवाजात संशय. तुमचं नाव वेगळंच दिसतंय, मागच्या वेळी हातोहात फसलो होतो, वगैरे. बाळ्याने निळी टिक दाखवली. आजोबा म्हणाले, ती त्यालाही असेल. बाळ्याने आधारकार्ड दाखवायची तयारी केली. आजोबा म्हणाले, बाळकृष्ण कशाला, मला बाळ्या पाहिजे. बाळ्याने मोबाइल फिरवून कलमं दाखवली, झेला दाखवला, आढी दाखवली. आजोबा म्हणाले, हे सगळं त्या चोराच्याही व्हिडिओत होतं.

बाळ्या चालता चालता मागे सरकला आणि त्याचा पाय पडला तो थेट आंबापोळीच्या ताटाच्या काठावर.

"बाळ्याऽऽ! मेल्या, डोळे कपाळात गेलेत का तुझे? सकाळपासून वाळवतेय मी ते!"

मोबाइलमध्ये क्षणभर शांतता. मग आजोबांचा हसण्याचा आवाज आला, मनापासूनचा. "हो हो, पटलं. हेच ते घर. कोवळे उतरवू नको म्हणून ओरडतात त्याच ना या? पाठवा, दोन पेट्या पाठवा. पैसे आत्ता टाकतो."

बाळ्याने फोन ठेवला. पैसे आल्याची घंटी वाजली. आम्ही तिघंही जरा वेळ गप्प होतो. चोराने सगळं उचललं होतं, फक्त काकूंना गाळलं होतं.

काकूंनी पदराने ताटाची कड पुसली, पोळीवर उमटलेलं अंगठ्याएवढं पायाचं बोट निरखून पाहिलं आणि मान वर न करता विचारलं,

"त्या टिकलीचे महिन्याला किती भरतोस म्हणालास?"

"सातशेच्या आसपास."

"बंद कर. मला देत जा. पाचशेत ओरडेन."